दुसरी धार

चेंबर नंबर चार रिकामं होतं.
नव्या बेदाण्याला अजून दीड महिना,
जुना सौद्यात निघून गेलेला,
फळ्यांना फक्त त्याचा गोड, किंचित आंबूस वास.
इर्शादच्या चुलत्यांचं कोल्ड स्टोरेज, कुपवाडला.
"आत माणूस कापला तरी ऐकू येणार नाही," म्हणाले,
आणि चावी दिली.
भाडं नको, लाइटबिल तेवढं भरा.

तर असे आम्ही. करवत.
एकोणीसशे शहाण्णव, कॅसेट एक, प्रती तीनशे.
त्यातल्या एकशे चाळीस
बोहारणीनंही घेतल्या नाहीत.

बाहुबली मगदूम, गळा. हळदीचा अडत्या.
दिवस मावळायच्या आत जेवतो, पाच मिनिटं इकडंतिकडं नाही,
मग तोंड पुसून माइकसमोर उभा राहतो
आणि मीटरचा काटा तांबड्यात जाऊन तिथंच बसतो.
शब्द त्याचेच, हळदीच्या पट्ट्यांच्या पाठीवर लिहिलेले.
तेव्हा आम्ही प्रिन्सिपॉलवर चिडलो होतो, आणि अणुबाँबवर.
आता एक गाणं नळाच्या काळ्या पाण्यावर,
एक, मुलगा जेवताना बोलत नाही त्यावर.

सॅमसन आवळे, बेस. मिरजेत एक्स-रे काढतो.
महापुरात त्याचा बेस आठ दिवस पाण्याखाली होता.
पिकअपमधून अजून कधीमधी गाळाची पूड पडते.
तो पुसत नाही.

मी ड्रमवर. उजवा गुडघा धातूचा.
इर्शाद म्हणतो, दिग्या, आपल्यात खरा मेटल तूच.

इर्शादनं गिटारचे पडदे बदलून घेतले
सतारवाल्यांच्या गल्लीत.
म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं, वाजवून दाखव.
यानं दाखवलं.
ते थोडा वेळ पॉलिशच्या बोटांकडं बघत बसले.
म्हणाले, राग आहे हे समजलं, बेटा.
कुठला, ते नाही समजलं.

तीन नंबरात कुणाचे तरी नऊशे बॉक्स
भाव येईना म्हणून पडून होते,
त्यामुळं कॉम्प्रेसर बंद करता येईना.
दर वीस मिनिटांनी तो घुमायला लागायचा
आणि दोन दिवस आम्ही
त्याच्या गप्प होण्याची वाट बघत चहा प्यायलो.
तिसऱ्या दिवशी इर्शादनं भिंतीला कान लावला,
खुंट्या पिळल्या, अजून थोड्या,
"हा आपला षड्ज."
सगळा अल्बम त्या सुरात आहे.
नऊशे बॉक्स कुणाचे, अजून माहीत नाही.

कॅसेटवर आमचा वेग दोनशे दहा.
आता एकशे चौऱ्याऐंशी, तोही पहिल्या मिनिटापुरता.
रेकॉर्डिंगवाली शर्वरी, वय तेवीस,
एका रात्रीत सगळं नीट करून आली.
"काका, सरळ लावून ठेवलंय."
ऐकलं. ठोका न् ठोका जागेवर,
बॉक्सवर बॉक्स रचल्यासारखा.
सॅमसन म्हणाला, ड्रमवर कोण आहे?
बाहुबली म्हणाला, चांगलाय पोरगा. घ्या त्याला बँडमध्ये.
कुणी हसलं नाही.
शर्वरीनं न बोलता फाइल पुसली.

परत वाजवलं.
तिसऱ्या मिनिटाला एक जागा आहे,
तिथं माझा पाय उशिरा पोचतो
आणि बाकीचे तिघं थांबतात.
एवढंसं. नख रुतेल एवढं.
तेव्हा कुणी कुणासाठी थांबत नव्हतं,
सगळ्यांना गाणं आधी संपवायचं होतं,
म्हणून तर फुटलो.
ती जागा तशीच ठेवली आहे.

पहिल्यांदा ऐकवलं ते वॉचमन ऐनापुरेंना,
त्यांच्या खोलीत, मोबाइल पातेल्यात ठेवून.
"लगा, हे थांबतंय कधी?"
तिसऱ्या मिनिटाला, मामा.
ते कप हातात धरून
तिसऱ्या मिनिटापर्यंत बसले.
पुढं काय झालं त्यांच्या चेहऱ्यावर,
मी तेव्हा चपला शोधत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी मणेराजुरीची पहिली गाडी लागली.
आम्ही केबली गुंडाळल्या.
चार नंबर चार अंशांवर गेलं.